माझ्या डाव्या खांद्याची चौकशी

खांदा दुखणाऱ्या माणसाला जो तो सल्ला देतो, म्हणून मी देणार नाही. माझं काय झालं तेवढं सांगतो. त्यातलं काय घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, आणि मी सांगतोय म्हणून तर काहीच घेऊ नये.

मी जनावरांचा डॉक्टर. घर सोलापुरात, शुक्रवार पेठेत. सरकारी दवाखाना सांगोला तालुक्यात. बायको सुनंदा सोलापूरच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे बिऱ्हाड कधी हललं नाही. आठवडाभर मी तिकडे खोलीवर आणि रविवारी घरी, असा आमचा संसार इतकी वर्षं चालला आणि बरा चालला.

माझ्या कामात डाव्या हाताला फार महत्त्व. गाय गाभण आहे की नाही हे बघायचं, तर लांब हातमोजा चढवून शेणाच्या वाटेनं जवळजवळ खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो आणि बोटांनी चाचपून ओळखावं लागतं. डावा हात आत, उजव्यात शेपटी. गाय काही हे आनंदानं करून घेत नाही. ती आतून हात आवळते, बाजूला सरकते, मनात आलं तर खाली बसते. माझ्या डाव्या बोटांना आतलं जे कळतं त्यातलं उजव्याला काही कळत नाही. उजवा हात आजवर सह्या करत आला.

तर दुखायला लागला तो डावाच खांदा.

*

पहिल्यांदा लक्षात आलं ते दोरीवरचा टॉवेल काढताना. हात कानाच्या उंचीपर्यंत गेला आणि कुणीतरी आतून कडी लावल्यासारखा थांबला. मग मागच्या खिशातला रुमाल काढता येईना. मग शर्टाची बाही चढवता येईना. मी डॉक्टर असल्यामुळे डॉक्टरकडे गेलो नाही.

मी काय केलं, तर बैलाचा उपचार केला. जू लागून बैलाचा खांदा सुजला की आम्ही त्याला कामातून सोडवतो. जू ठेवायचं नाही, ओढायला लावायचं नाही, बरा होईपर्यंत आराम. मी हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवला आणि पोटाशी धरून ठेवला. गाभण तपासणी शेजारच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरवर सोपवली. लसी आणि औषधं उजव्या हातानं चालू ठेवली. पशुपालकांनाही हे पटलं. दगडू बंडगर नावाचे माझे जुने पशुपालक आहेत. डाळिंबाची बाग, थोडी मेंढरं, चार गायी आणि एक बैलजोडी. ते म्हणाले, "बरोबर हाय की साहेब. आमाला तुमीच सांगता, खांद्याला आराम द्या म्हनून. आता तुमाला कोन सांगनार?"

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याच्या, आदल्या दिवशी मी त्यांच्या वस्तीवर मेंढरांना लस द्यायला गेलो होतो. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात, त्याला खांदेमळणी म्हणतात. बंडगरांच्या आई वाटी घेऊन बैलापाशी उभ्या होत्या. दोन्ही बैलांचं झाल्यावर त्यांनी माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं.

"ये रं बाबा. तू बी बस हितं."

"आजी, मी बैल न्हाय."

"वर्सभर वढतूस की तू बी. बस गप."

बसलो. शर्टाची दोन बटणं काढून त्यांनी माझा खांदा चोळला. दोन्ही बैल रवंथ करत माझ्याकडे बघत होते. बंडगर म्हणाले, "शिंगं रंगवू का साहेब?" बरं वाटलं. पुढे मी बरेच पैसे घालवले, आणि त्यातल्या पुष्कळशा गोष्टींनी तेवढंही बरं वाटलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पण आरामानं खांदा सुटायच्या ऐवजी आणखी धरला. शेवटी हात छातीच्या वर जाईना आणि कूस बदलताना तोंडातून आवाज निघायला लागला, तेव्हा सुनंदानं रविवारी मला परत जाऊ दिलं नाही.

*

हाडांच्या डॉक्टरांची प्रतीक्षाखोली मोठी होती. भिंतीवर त्यांचे सत्कार टांगले होते. शाल घेताना, नारळ घेताना, दीप लावताना, आणि एकात तर स्वतःच दुसऱ्या कुणाला तरी शाल देताना. हा माणूस इतके वेळा खांद्यावर शाल घेतो, म्हणजे त्याचा खांदा नक्की चांगला असणार, असं मी सुनंदाला म्हणालो. ती म्हणाली, "आत गेल्यावर गप्प बसा."

आत त्यांनी मला "या डॉक्टरसाहेब" म्हटलं. कसला डॉक्टर ते कळल्यावर "या काका" झालं. हात वर करायला लावला, बाजूला नेला, मागे नेला, प्रत्येक ठिकाणी मी थांबलो की ते समाधानानं मान हलवायचे.

"फ्रोझन शोल्डर. गोठलाय."

सोलापुरात बर्फाची लादी दुकानातून घरी नेईपर्यंत निम्मी होते, आणि माझा खांदा गोठला. त्यांनी साखर तपासायला सांगितली आणि ती निघाली. खांद्याच्या चौकशीला गेलेला माणूस मधुमेह घेऊन बाहेर आला. हे दोघं पुष्कळदा जोडीनं येतात म्हणे.

"बरा होईल ना?" सुनंदानं विचारलं.

"होतो. वर्ष-दीड वर्षात आपोआप सुद्धा सुटतो."

"आणि फिजिओथेरपी केली तर?"

"किती दिवसांत ते सांगता येत नाही. पण करायची."

मी लगेच सावध झालो. जो आजार आपोआप बरा होतो, त्यावर जो उपचार चालू असतो त्यालाच श्रेय मिळतं. गायीच्या बारीकसारीक तक्रारींत मीही असं श्रेय घेतलेलं आहे, त्यामुळे धंद्यातली ही जागा मला चांगली ठाऊक. दुसऱ्या एका हाडांच्या डॉक्टरांनाही दाखवून आलो. त्यांच्या भिंतीवर शाली कमी होत्या. निदान तेच.

*

रजा टाकली, तशी दुसरीच गोष्ट सुरू झाली. जिल्ह्याच्या कार्यालयातून वरिष्ठांचा फोन आला. आवाजात इतकी माया होती की मी खुर्चीत सरळ बसलो.

"अहो, आता कशाला गोठ्यात हात घालता? इथे टेबल रिकामं आहे. सोलापुरातच. सकाळी या, संध्याकाळी घरी."

ते टेबल मला माहीत होतं. त्यावर पशुप्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिका तयार होतात. प्रमुख पाहुण्यांच्या नावांचा क्रम लावण्यात तिथला माणूस निवृत्त होतो. एका प्रदर्शनात पहिल्या नंबरच्या गायीनं पाहुण्यांच्या गळ्यातला हार खाल्ला होता, आणि त्याचा खुलासा याच टेबलावरून गेला होता.

मी नको म्हणालो. ते म्हणाले, "मग महिनाअखेरच्या आत तंदुरुस्तीचा दाखला आणा. नाहीतर मी आदेश काढतो. गाभण तपासणीच होत नसेल तर तुम्हाला तिथे ठेवू कसा?" महिनाअखेर तीनदा पुढे ढकलून घेतली. चौथ्यांदा त्यांनी ऐकलं नाही. मार्गशीर्ष संपेपर्यंत, बस्स.

सुनंदाला हे टेबल आवडलं होतं. "वाईट काय आहे त्यात?" एवढंच ती पहिल्या दिवशी म्हणाली. नंतर त्याबद्दल काहीच बोलली नाही, आणि मला तेच खटकलं. आमच्या घरात विरोध मोठ्यानं होतो. गप्प बसणं म्हणजे काहीतरी ठरलेलं असतं.

त्यात फिजिओथेरपीवाली मुलगी निघाली तिचीच जुनी विद्यार्थिनी.

*

श्रावणीचं क्लिनिक आमच्याच पेठेत, भांड्यांच्या दुकानावर. जिना अरुंद. खांदेदुखीवाल्याला चालेल, गुडघेदुखीवाल्यानं कसं यायचं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. ती म्हणाली, "गुडघेवाल्यांच्या घरी मी जाते, काका." उत्तर चांगलं होतं, म्हणून मी आणखी सावध झालो.

मुलगी विणकर घरातली, घरी तेलुगू, आमच्याशी स्वच्छ मराठी. आत दोन खाटा, दारावर कप्पीतून लोंबणारी दोरी, भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी, आणि मशीन. मशीनला दिवे होते. दिवे असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल माझं मत आधीच वाईट असतं. खांद्याला ओले पॅड लावायचे, बटण फिरवायचं, मग मुंग्या. शेजारच्या खाटेवर नरसय्या नावाचे यंत्रमागावरून निवृत्त झालेले गृहस्थ असत. त्यांचाही खांदाच. ते डोळे मिटून म्हणायचे, "करंट आत जातंय बघा. मस्त."

एक दिवस वीज गेली. पंखा थांबला, दिवे विझले. नरसय्यांचे डोळे मिटलेलेच.

"आज जास्तच मस्त लागतंय," ते म्हणाले.

मी श्रावणीकडे पाहिलं. मला वाटलं ती ओशाळेल. ती हसली.

"काका, मशीननं खांदा सुटत नाही. थोडं दुखणं दबतं, तुम्ही थोडा वेळ स्वस्थ पडता, मग व्यायाम करताना कमी ओरडता. उपचार म्हणजे व्यायाम."

"मग मशीन ठेवलंस कशाला?"

"नाही ठेवलं तर लोक म्हणतात हिच्याकडे काहीच नाही."

स्वतःच्या मशीनची अशी बाजू घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. हा विश्वास मिळवण्याचा नवा प्रकार असावा, असं मनात धरून मी व्यायाम सुरू केले.

बैलाच्या आरामाचं मी तिला सांगितलं तेव्हा मात्र तिनं कपाळाला हात लावला. "काका, बैलाला जुवातून सोडवलं तरी तो पाण्यावर जातो, चरतो, चार पायांवर चालतो. त्याचा सांधा हलतोच की. तुम्ही तर हात पोटाशी बांधून ठेवलात!"

इतकी वर्षं चतुष्पादांत काढून हे मला सुचलं नव्हतं.

*

व्यायामाचं खरं सांगायचं तर तो कंटाळवाणा असतो आणि दुखतो. वाकून हात लोंबता सोडायचा आणि विहिरीतल्या पोहऱ्यासारखा झुलवायचा. भिंतीवर बोटांनी चढायचं. टॉवेल पाठीमागे धरून वरच्या हातानं खालचा हात ओढायचा. एके दिवशी वाटतं सुटला, दुसऱ्या दिवशी तो परत जागच्या जागी. भीती दुखण्याची नव्हती. मी अंघोळीच्या वेळी डोळे मिटून डाव्या बोटांनी साबण, तांब्या, बादलीची कड चाचपून बघायचो. इतके महिने बोटं आत गेली नाहीत, ती विसरली तर नसतील ना? हे मी कुणालाही सांगितलं नाही.

घरातही ताण आला. सुनंदा शाळेत जाण्याआधी माझ्या शर्टात माझा हात घालायची. दुखरा हात आधी, मग चांगला, काढताना उलटं. हे श्रावणीनं तिला शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात त्यात काहीतरी हळवं होतं. तिसऱ्या महिन्यात ती घड्याळाकडे बघत बटणं लावायची आणि मी बटण चुकीच्या काजात गेलं असं दाखवून द्यायचो. दिवसभर घरी असल्यामुळे माझं लक्ष सगळीकडे जायला लागलं. दुधात पाणी किती, हे मी दूधवाल्याला सांगितलं. भाजीत तेल किती, हे सुनंदाला सांगितलं. वर्तमानपत्रातले अग्रलेख मोठ्यानं वाचून त्यातल्या चुका काढल्या. ती वह्या तपासत असायची, मान वर करायची नाही.

हात मात्र वर जायला लागला. आधी खिडकीच्या गजापर्यंत, मग दोरीपर्यंत, मग एक दिवस कानाच्या मागे. हाडांच्या डॉक्टरांनी पाहून म्हटलं, "उत्तम. श्रावणीचा होकार आणा, मी दाखल्यावर सही करतो."

श्रावणीनं कोनमापक लावून मोजलं, आनंदानं मान हलवली, आणि म्हणाली, "अजून नाही, काका."

"का?"

"अजून थोडी ताकद यायला पाहिजे."

मार्गशीर्ष निम्मा झाला होता. पुढच्या आठवड्यातही "अजून नाही". दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जिन्यातून वर जाताना सुनंदा खाली येत होती. मला बघून म्हणाली, "भांड्यांच्या दुकानात आले होते." भांडं एकही हातात नव्हतं.

वर गेलो तर श्रावणीनं खाटेवर एक नवं प्रकरण मांडलेलं. जाड सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून मध्ये पोकळी ठेवलेली, बाहेरून रबरी पट्टे. "यात डावा हात घाला. सरळ पुढे. आणखी आत. खांदा कानाकडे उचलू नका." मी हात घातला. तिनं बाहेरून पट्टे आवळले. "आता आत बोटं हलवा. दाब सहन करत." मग न सांगता तिनं अख्खी वळकटी एकदम खाली दाबली. माझा हात हिसकला, मी तोल सावरला.

नरसय्या उठून बसले. "हे काय मशीन आहे?"

मशीन नव्हतं. मला पहिल्या क्षणी कळलं ते काय होतं. गाय आतून आवळते, बाजूला सरकते, खाली बसते. पेठेत वाढलेल्या या मुलीनं आयुष्यात गोठा पाहिला नसेल. तिला हे इतकं बारकाईनं सांगणारं सोलापुरात एकच माणूस होतं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी सुनंदा सुट्टीत माझ्याबरोबर वस्त्यांवर यायची आणि पदर नाकाला लावून लांब उभी राहायची.

म्हणजे कट होता. पुरावा खाटेवर पडला होता.

*

घरी गेलो. ती वह्या तपासत होती.

"तू त्या पोरीला सांगितलंस."

"काय?"

"गायीचं. आत काय होतं ते."

"सांगितलं की."

"आणि दाखल्याला होकार देऊ नकोस, हेही तूच सांगितलंस."

"तेही सांगितलं." तिनं एका वहीवर शेरा लिहिला आणि ती बाजूला ठेवली.

"तुला टेबल हवं होतं तर सरळ सांगायचं. माझ्या पाठीमागे पोरीला हाताशी धरून..."

"झालं तुमचं?" तिनं पेन बंद केलं. "ती तुम्हाला केव्हाच सोडत होती. हात वर जातो, पाठीमागे जातो, बाई, काका बरे झाले म्हणाली. मी म्हटलं, बाळ, काका त्या हातानं भांग पाडत नाहीत. पाडायला काही उरलेलंही नाही. त्यांचा हात कुठे जातो ते तुला माहीत आहे का? तिला माहीतच नव्हतं. तुम्ही इतके महिने तिच्या मशीनची उलटतपासणी घेतलीत, पण तुमचं काम काय असतं ते नीट सांगितलं नाहीत. सांगितलं होतंत?"

मी "जनावरांचा डॉक्टर" एवढंच सांगितलं होतं.

"दाखला घेऊन तुम्ही दुसऱ्या दिवशी गोठ्यात. पहिलीच गाय खाली बसली, हिसका बसला, की खांदा परत पहिल्या पायरीवर. मग रजा नाही, दाखला नाही. टेबलच."

"म्हणजे तुला टेबल नको?"

"आधी हवं होतं," सुनंदा म्हणाली. "मग तुम्ही चार महिने घरी राहिलात."

मग तिनं यादीच काढली. दूधवाला बदलावा लागला. अग्रलेखांचं सांगितलं. "रोज संध्याकाळी सहाला हे घरी येणार, या विचारानं मला शाळेत बसल्याबसल्या घाम फुटायचा. रविवारी येता तेव्हा माणसात असता. सांगोल्याच्या गोष्टी सांगता. मी हसते तरी. जा बाबा तिकडं, पण धड हात घेऊन जा."

माझ्या आयुष्यातला सगळ्यात नीट तपासून काढलेला निष्कर्ष असा निकालात निघाला. तरी रात्री जेवताना मी तिला विचारलंच, भांड्यांच्या दुकानातलं काय? तर म्हणाली, "चादर द्यायला गेले होते. आपलीच आहे, ओळखली नाहीत?"

*

मार्गशीर्ष संपायच्या आत दाखला मिळाला. चादरीत हात घालून, आवळून, हिसके खाऊन शेवटी मी न कळवळता पाच बोटं आत मोकळी हलवली, तेव्हा श्रावणीनं होकार दिला. वरिष्ठ फोनवर "अभिनंदन" म्हणाले. टेबल दुसऱ्या कुणालातरी मिळालं.

व्यायामानं बरा झालो की काळानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. व्यायाम मात्र रोज करतो. साखर तपासतो. हात अजून पाठीमागे पूर्ण जात नाही, सकाळी खांदा कुरकुरतो.

पहिली तपासणी बंडगरांच्या गायीची. हातमोजा चढवला, साबण लावला. सगळी वस्ती गोळा झाली होती. हात आत गेला, कोपर गेलं, आणि गायीनं आवळलं. खांद्यात कळ आली. मी थांबलो, श्वास घेतला, खांदा खाली सोडला. मग बोटं पुढे सरकली आणि जे शोधायचं होतं त्यावर टेकली. भरलेलं, गोल, जागच्या जागी. बोटांनी ते लगेच ओळखलं. मी मुद्दाम आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. कशासाठी ते कुणी विचारलं नाही.

"गाभण हाय," मी म्हणालो.

बंडगरांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग गायीकडे.

"नक्की न्हवं, साहेब?"

"नक्की."

"न्हाय, हात आत्ताच बरा झालाय म्हनून इचारलं."

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज मोठा खूश होता.

"साहेब, खरंच गाभण हाय की!"

"तुमाला कसं कळलं?"

"त्या शेजारच्या दवाखान्यातल्या डाक्टरला दावली."